सिसस्टॅटच्या साहाय्याने लिनक्स सर्व्हरच्या कामगिरीची नोंद कशी ठेवावी

सर्व्हर अडखळल्याची तक्रार आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा अडखळणे बहुधा संपलेले असते. नागपुरातील कळमना बाजारातल्या एखाद्या संत्र्याच्या अडत्याच्या पेढीचे उदाहरण घेऊ. सकाळी लिलाव सुरू झाला की पेढीवरचे सगळे कारकून एकाच वेळी बिलिंगला बसतात, माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला हिशेबपट्टी हातात हवी असते, आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या खोलीतला सर्व्हर प्रत्येक बिलाला रेंगाळू लागतो. दुरुस्ती पाहणारा माणूस दुपारी येईपर्यंत बाजार उठलेला असतो, चालू क्षणाचा भार दाखवणाऱ्या एचटॉप या साधनाच्या रंगीत पट्ट्या जेमतेम हलत असतात, आणि ‘रॅम वाढवून पाहू’ यावर बोलणे संपते. एचटॉप हे साधन चांगलेच आहे. परंतु ते या क्षणाचे दाखवते आणि आपल्याला सकाळी नऊ चाळीसचे हवे असते. शिवाय नऊ चाळीसचा आकडा मिळाला, तरी तो जास्त की नेहमीचाच हे ठरवण्यासाठी सुरळीत दिवसांचे आकडे हाताशी असावे लागतात. म्हणून नोंद ठेवण्याची सुरुवात तक्रार येण्याच्या आधीच, सर्व्हर नीट चालत असताना करावी.

या कामासाठी सिसस्टॅट हा मुक्त स्रोत संच पुरेसा आहे. सेबास्तियँ गोदार यांनी तो लिहिला असून तो जीपीएल परवान्याखाली मिळतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘/प्रॉक’ या फाइल-व्यवस्थेत जे मोजके आकडे सतत उघडे ठेवतो, तेच ठरावीक अंतराने वाचून दररोजच्या एका फाइलीत साठवणे एवढेच तो करतो. त्यामुळे जुन्या मशीनवरही त्याचा भार जाणवत नाही. संचातील ‘सार’ ही आज्ञा साठवलेले आकडे दाखवते, तर ‘आयओस्टॅट’, ‘एमपीस्टॅट’ आणि ‘पिडस्टॅट’ या आज्ञा चालू क्षणाच्या मापनासाठी आहेत. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टंकाव्यात.

स्थापना आणि मापनाचे अंतर

उबंटू किंवा डेबियनवर ‘सुडो एप्ट इन्स्टॉल सिसस्टॅट’ ही आज्ञा दिली की संच बसतो, पण अनेक आवृत्त्यांत नोंद मात्र आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी ‘/ईटीसी/डिफॉल्ट/सिसस्टॅट’ ही फाइल उघडून ‘एनेबल्ड’ या ओळीतील ‘फॉल्स’ काढून ‘ट्रू’ लिहावे, आणि ‘सिस्टिमसीटीएल’च्या साहाय्याने सिसस्टॅट ही सेवा आधी एनेबल व मग रीस्टार्ट करावी. अर्ध्या तासाने नुसते ‘सार’ असे टंकून पाहावे. वेळ आणि टक्केवारीच्या ओळी दिसू लागल्या असतील तर नोंद सुरू झाली. ही तपासणी टाळू नये, कारण संच बसवला पण नोंद बंदच राहिली हे बहुतेक वेळा गरज पडते त्या दिवशीच लक्षात येते.

मूळ रचनेत दर १० मिनिटांनी एक नोंद होते. सार जो आकडा दाखवतो तो दोन नोंदींमधील काळाची सरासरी असतो, आणि सरासरीत लहान उसळी विरून जाते. समजा १० मिनिटांपैकी २ मिनिटे प्रोसेसर पूर्ण १०० टक्के गुंतला होता आणि उरलेली ८ मिनिटे १० टक्केच वापरात होता. तर नोंदीत २८ टक्के दिसतील आणि वाचणाऱ्याला सगळे आलबेल वाटेल. लिलावाच्या वेळची गर्दी अशीच झटक्यात येऊन जात असल्यामुळे अंतर २ मिनिटांवर आणणे इष्ट. नव्या आवृत्त्यांत हे काम सिस्टिमडीचा (लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचा) ‘सिसस्टॅट-कलेक्ट’ नावाचा टायमर करतो. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने तो उघडून प्रथम ‘ऑनकॅलेंडर’ची रिकामी ओळ लिहावी आणि तिच्याखाली नव्या अंतराची ओळ लिहावी. रिकामी ओळ विसरल्यास जुने वेळापत्रक रद्द होत नाही, दोन्ही एकत्र चालतात.

आकडे वाचताना

‘सार -यू’ ही आज्ञा प्रोसेसरचा हिशेब देते. ‘यूजर’ आणि ‘सिस्टिम’ हे रकाने प्रत्यक्ष कामात गेलेला वेळ दाखवतात, ‘आयडल’ हा रिकामा वेळ असतो, आणि ‘स्टील’ हा रकाना भाड्याच्या आभासी सर्व्हरवर महत्त्वाचा ठरतो, कारण आपल्याला हवा असलेला प्रोसेसरचा वेळ त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या कोणाला किती दिला गेला हे त्यात कळते. पेढीतल्या स्वतःच्या मशीनवर तो शून्यच राहील. सर्वांत जास्त गैरसमज ‘आयओवेट’ या रकान्याबद्दल आहे. प्रोसेसरला दुसरे काम नाही आणि डिस्ककडून उत्तर यायचे बाकी आहे, असा जो वेळ जातो तो आयओवेट. म्हणजे मुळात तो रिकामाच वेळ आहे. डिस्क तेवढीच तुंबलेली असताना प्रोसेसरला दुसरे जड काम मिळाले, तर आयओवेट उतरतो आणि डिस्क सुधारल्याचा भास होतो. चार कोअरच्या मशीनवर एकच प्रक्रिया डिस्कसाठी खोळंबली असेल, तर हा आकडा २५ टक्क्यांच्या आसपासच थांबतो, मग ती प्रक्रिया सगळ्या पेढीचे बिलिंग अडवून बसली असली तरीही. आयओवेट वाढलेला दिसला तर डिस्क तपासावी. तो कमी आहे म्हणून डिस्कला मात्र निर्दोष ठरवू नये.

डिस्कची खरी स्थिती ‘सार -डी’मधील ‘अवेट’ या रकान्यात दिसते. एका मागणीला रांगेतील प्रतीक्षेसह सरासरी किती मिलिसेकंद लागले, हे तो सांगतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या फिरत्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात हेड हलण्याचा वेळ मिळवला की विखुरलेल्या वाचनासाठी १० ते २० मिलिसेकंद हे अशा डिस्कचे नैसर्गिकच मोजमाप होते. तोच आकडा शंभरावर गेला तर मागण्यांची रांग लागली आहे असे खुशाल समजावे. एसएसडीवर मात्र अवेट साधारणपणे १ मिलिसेकंदाच्या आतबाहेर असतो, त्यामुळे तेथे २० हासुद्धा चौकशीचा विषय आहे. शेजारचा ‘युटिल’ रकाना १०० दाखवू लागला की माणसे घाबरतात. परंतु एसएसडी आणि रेड (अनेक डिस्क एकत्र जोडलेली रचना) अनेक मागण्या एकाच वेळी हाताळत असल्याने त्यांच्या बाबतीत १०० टक्के व्यग्र याचा अर्थ क्षमता संपली असा होत नाही.

‘सार -क्यू’ लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू व थांबलेल्या कामांची सरासरी संख्या, दाखवते. लिनक्समध्ये १९९३ पासून या आकड्यात प्रोसेसरसाठी थांबलेल्या कामांबरोबरच डिस्कसाठी खोळंबलेली कामेही धरली जातात. म्हणून लोड १२ आणि प्रोसेसर ८० टक्के रिकामा, असे चित्र दिसले तर त्यात विसंगती काही नाही. दोष डिस्ककडे किंवा नेटवर्कवरच्या फाइल-साठ्याकडे शोधावा. याच उत्तरातील ‘ब्लॉक्ड’ हा रकाना अशी खोळंबलेली कामे वेगळी मोजून देतो.

मेमरीबाबत थोडक्यात सांगता येईल. ‘सार -आर’मधील ‘केबीमेमफ्री’ हा आकडा लहान दिसला म्हणून रॅम विकत आणू नये, कारण मोकळी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडताच परत देतो. ‘केबीअव्हेल’ (प्रत्यक्षात वापरता येणारी मेमरी) हा आकडा पाहावा, आणि ‘सार -डब्ल्यू’मध्ये (येथे मोठा, कॅपिटल डब्ल्यू) स्वॅपमधून, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेतून, पाने सतत आत-बाहेर होत आहेत का ते पाहावे. ती होत नसतील तर रॅमचा खर्च बहुधा वाया जाईल.

मे महिन्यातील सर्व्हर

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो, आणि वातानुकूलन नसलेल्या मागच्या खोलीतील सर्व्हरचा पंखा तीच हवा आत ओढत असतो. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अशा वेळी कोणतीही त्रुटी पडद्यावर येत नाही, फक्त तेच काम जास्त वेळ घेते; त्यामुळे उन्हाळ्यातील तक्रारींत हे कारण सहज निसटते. यासाठी मूळ नोंदीत थोडी भर घालावी लागते. ‘/ईटीसी/सिसस्टॅट/सिसस्टॅट’ या फाइलीतील ‘एसएडीसी ऑप्शन्स’च्या ओळीत ‘डिस्क’च्या जोडीला स्वल्पविराम देऊन ‘पॉवर’ हा शब्द लिहिला की प्रोसेसरचा वेगही नोंदला जातो. हा बदल दुसऱ्या दिवशीच्या नव्या फाइलीपासून लागू होतो, कारण कोणती मापने ठेवायची हे त्या दिवसाची फाइल तयार होतानाच ठरलेले असते.

त्यानंतर ‘सार -एम सीपीयू’ ही आज्ञा मेगाहर्ट्झमधील वेग दाखवते. येथे एक सावधगिरी हवी: काम नसताना वीज वाचवण्यासाठीही प्रोसेसर वेग उतरवतो, म्हणून कमी वेग एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. वेग कमी आहे आणि त्याच ओळीच्या वेळी ‘सार -यू’मधील आयडलही जवळपास संपलेला आहे, असे दोन्ही जुळले तरच उष्णतेवर संशय घ्यावा. खात्री करण्यासाठी एलएम-सेन्सर्स हा संच बसवून ‘सेन्सर्स’ ही आज्ञा द्यावी. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांवर ‘/सिस’ या फाइल-व्यवस्थेत प्रत्येक कोअरच्या ‘थर्मल थ्रॉटल’ नावाच्या फोल्डरमध्ये एक गणक असतो. सकाळी तो वाचून ठेवावा आणि दुपारी चारला पुन्हा वाचावा. आकडा वाढलेला असेल तर वाद मिटला. मग उपाय संगणकाच्या आत शोधण्यापेक्षा पंखे आणि हीट सिंक यांवरची धूळ काढावी, थर्मल पेस्ट बदलावी आणि खोलीतील गरम हवा बाहेर जाण्याची सोय करावी. नागपूरकरांचा स्वाभाविक उपाय म्हणजे कूलर. पण सर्व्हर थेट कूलरच्या झोतात ठेवू नये, कारण ओलसर हवेत धूळ चिकटून बसते आणि पुढच्या वर्षी हीट सिंक आणखी गुदमरतो.

उन्हाळ्यातच वीज जाण्याचे प्रकारही घडतात. मशीन पुन्हा सुरू झाले की सारच्या नोंदीत ‘लिनक्स रीस्टार्ट’ अशी ओळ वेळेसह उमटते. वीज गेल्याच्या वेळा आणि या ओळींच्या वेळा जुळत असतील, तर यूपीएसची बॅटरी संपली आहे हे सांगायला वेगळा तंत्रज्ञ लागत नाही.

कोणती प्रक्रिया, हे कसे कळेल

सारची मोठी मर्यादा म्हणजे तो पूर्ण मशीनचे आकडे ठेवतो, प्रक्रियांची नावे ठेवत नाही. केव्हा अडले ते कळते, कोणी अडवले ते कळत नाही. रोज एकाच वेळी अडत असेल तर त्या वेळी समोर बसून ‘सुडो पिडस्टॅट -डी ५’ चालवावे; दर ५ सेकंदांनी कोणती प्रक्रिया डिस्कवर किती वाचते-लिहिते हे नावासह दिसते. पुष्कळदा असे आढळते की रात्री सुरू होणारा बॅकअप सकाळपर्यंत लांबला आहे, किंवा कोणीतरी भलामोठा वार्षिक अहवाल ऐन लिलावात काढतो आहे. अडण्याची वेळ अनिश्चित असेल तर एटॉप हे दुसरे मुक्त स्रोत साधन जोडीला बसवावे. ते प्रक्रियांसह नोंद ठेवते, अर्थात जागाही जास्त घेते.

किती दिवसांची नोंद

डेबियन व उबंटूवर सिसस्टॅट बहुधा फक्त ७ दिवसांच्या फाइली ठेवतो, आणि त्या ‘/व्हार/लॉग/सिसस्टॅट’ या फोल्डरमध्ये सापडतात. संत्र्याच्या पेढीला ७ दिवस अगदीच अपुरे आहेत. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्यामुळे हंगामातील सोमवारची तुलना हंगामाबाहेरच्या सोमवारशी करणे निरर्थक आहे, गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी करावी. त्यासाठी वर उल्लेखलेल्या ‘/ईटीसी/सिसस्टॅट/सिसस्टॅट’ याच फाइलीत ‘हिस्टरी’ची किंमत ४०० करावी. ती २८ पेक्षा मोठी असली की फाइली दरमहा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. काही दिवसांनी जुन्या फाइली संकुचित होतात, आणि सार त्या थेट वाचत नाही. आधी त्या उलगडाव्या लागतात. ‘सार -एफ’पुढे फाइलीचे नाव आणि ‘-एस’, ‘-ई’ यांपुढे सुरुवातीची व शेवटची वेळ दिली की फक्त लिलावाच्या तासांचे आकडे वेगळे काढता येतात.

पेढीच्या मालकांना आकड्यांची पाने दाखवून उपयोग नसतो. ‘एसएडीएफ -जी’ ही आज्ञा तीच नोंद एसव्हीजी आलेखात बदलते आणि तो कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतो. एका सुरळीत दिवसाचा आणि एका अडलेल्या दिवसाचा अवेट शेजारी शेजारी ठेवला, तर खर्चाची मंजुरी मिळवणे सोपे जाते. खरेदी मात्र एका वेळी एकाच वस्तूची करावी. एसएसडी बसवल्यावर निदान एक पूर्ण आठवडा नोंद होऊ द्यावी, आणि लिलावाच्या तासांतील अवेट उतरूनही तक्रार कायम राहिली तरच पुढच्या भागाकडे वळावे.