साचा कुणाचा?

वकिलीची सनद हातात आली तेव्हा दिवाळखोरी म्हणजे दारावर जप्तीची नोटीस आणि शटरला सील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात ज्युनियरशिप करताना अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मालमत्तेची यादी करायला गेलो आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो. प्रेसशॉपमधले सगळे डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, मोजले आणि बिनधास्त कंपनीच्या नावावर लिहिले. संध्याकाळी स्टोअरचे काका म्हणाले, "साहेब, यातले निम्मे आपले नाहीतच. गिऱ्हाइकाचे आहेत, जॉबवर्कला आलेले."

या कामाला येणाऱ्यांनी हा घोळ आधी समजून घ्या. कंपनीचं प्रकरण 2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली चालतं. अर्ज मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणात होतो, नाशिकला नाही; आणि थकबाकी किमान 1 कोटीची लागते. अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारभार आयआरपीकडे, म्हणजे न्यायाधिकरणाने नेमलेल्या तात्पुरत्या व्यावसायिकाकडे जातो. पण कलम 18 प्रमाणे त्याने ताबा घ्यायचा तो कंपनीच्या मालकीच्या वस्तूंचा. कामासाठी विश्वासाने ठेवलेला दुसऱ्याचा माल त्यात धरत नाहीत. बरं, म्हणून गिऱ्हाइकाने टेम्पो आणून डाय उचलावेत, तर तेही जमत नाही. कलम 14 ची वसुलीवरची स्थगिती असेपर्यंत कंपनीच्या ताब्यातली वस्तू मूळ मालकालाही परस्पर नेता येत नाही. वस्तू आपली नाही, तरी राखायची आपणच! त्यामुळे दोन याद्या करा: एक कंपनीच्या वस्तूंची, दुसरी परक्याच्या. दुसऱ्या यादीत प्रत्येक डायपुढे चलन नंबर, तारीख आणि मालकाचं नाव हवं. नुसत्या ताळेबंदावर विसंबू नका, त्यात भंगारात गेलेली मशिनंही जिवंत असतात.

एखाद्या माणसाची दिवाळखोरी, म्हणजे नादारी, मात्र वेगळी. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेले सोडले तर इतरांना आपल्याकडे अजून 1920 चाच प्रांतिक नादारी कायदा लागू आहे आणि तो अर्ज आपल्या जिल्हा न्यायालयातच येतो. माणूस नादार ठरला की कलम 28 प्रमाणे त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. पुढे नादारीतून सुटकेचा आदेश होईपर्यंत नव्याने मिळेल तीही. तारण घेतलेल्या बँकेचा हक्क मात्र शाबूत राहतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मधल्या वस्तूंनाही हात लावता येत नाही: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यापुरती जनावरं आणि बियाणं. धार्मिक रूढीप्रमाणे बाईला उतरवता न येणारे दागिनेही त्यातच. सिनियर मला म्हणाले होते, घरात शिरलास की आधी काय सोडायचं ते बघ.

अंबडला त्या रात्री नऊपर्यंत यादी पुन्हा केली. काका एकेका डायवरचं ग्रीस पुसत होते आणि खाली कोरलेले गिऱ्हाइकाचे नंबर मला वाचून दाखवत होते. तेव्हापासून माझ्या बॅगेत टॉर्च, खडू आणि जुना पंचा कायम असतो.