ऑन्डान्सेट्रॉनची जिभेवर विरघळणारी फिल्म: डोसचं गणित आणि ओतण्याची पद्धत

गोळीचं वजन तपासता येतं. फिल्ममध्ये मात्र डोस ठरतो क्षेत्रफळावर, म्हणून जाडी सगळीकडे सारखी येणं हेच खरं काम. बाकी फॉर्म्युला त्या मानाने सोपा आहे. पुढचं सगळं प्रयोगशाळेतल्या नमुन्यासाठी आहे, कुणाला खायला देण्यासाठी नाही.

आधी गणित. २×२ सेंमीच्या फिल्ममध्ये ४ मिग्रॅ ऑन्डान्सेट्रॉन (उलटी थांबवणारं औषध) हवं, म्हणजे त्याचा क्षार, हायड्रोक्लोराइड डायहायड्रेट, सुमारे ५ मिग्रॅ, अर्थात १.२५ मिग्रॅ प्रति चौ. सेंमी. ९ सेंमी व्यासाच्या पेट्री डिशचं क्षेत्रफळ ६३.६ चौ. सेंमी, म्हणून डिशमागे ७९.५ मिग्रॅ औषध. डिशमधून ३×३ च्या जाळीने नऊच फिल्म काढायच्या असल्या, तरी औषध पूर्ण क्षेत्रफळाचंच घ्या. इथे बरेच जण चुकतात. डिशचा आतला व्यासही मोजा. तो ८.८ निघाला तर डोस साडेचार टक्क्यांनी वाढतो.

औषधाखेरीज एका डिशला: एचपीएमसी ई५ (फिल्म बनवणारा पॉलिमर) ४५० मिग्रॅ, ‘पीईजी ४००’ (फिल्म लवचीक ठेवणारं द्रव) ९० मिग्रॅ, सायट्रिक अ‍ॅसिड २० मिग्रॅ, सुक्रालोज (गोडीसाठी) १० मिग्रॅ, पाणी ८ ग्रॅम. मिंट चवीपुरतं. द्रावण पाचपट करा आणि चारच डिश भरा, कारण थोडं बीकरला चिकटून राहणारच.

एकूण पाण्याचा एक तृतीयांश भाग ८०–९० अंशांपर्यंत तापवून त्यात एचपीएमसी भुरभुरवत ढवळा. गरम पाण्यात ते विरघळत नाही, नुसतं पसरतं. थंड होताना विरघळतं. थेट गार पाण्यात टाकलंत तर बाहेरून चिकट नि आत कोरड्या अशा गुठळ्या होतात, त्या तासन्‌तास फुटत नाहीत. औषध, अ‍ॅसिड आणि सुक्रालोज उरलेल्या गार पाण्यातल्या बहुतेक भागात विरघळवा, मिश्रण थंड झाल्यावर घाला, मग पीईजी. शेवटी पाणी घालून पाचपट द्रावणाचं एकूण वजन ४३.२५ ग्रॅमवर आणा, म्हणजे उडालेली वाफ भरून निघते. पीएच वर जाऊ देऊ नका, नाहीतर मुक्त बेस (क्षारातून सुटलेलं, पाण्यात न विरघळणारं औषध) खाली बसून द्रावण गढूळ होतं.

बुडबुडे जाण्यासाठी रात्रभर झाकून ठेवा. मग वजन करून प्रत्येक डिशमध्ये ८.६५ ग्रॅम ओता. ओव्हनचा कप्पा आधी स्पिरिट लेव्हलने सपाट करून घ्या. जरासा उतार असला तरी एका बाजूची फिल्म जाड होते. ४०–४५ अंशांना सावकाश वाळवा. घाई केली की वर साय धरते, खालची वाफ अडकते आणि फिल्मला फोड येतात. पंख्याचा झोतही नको.

सोडवताना तडकली तर जास्त वाळली किंवा पीईजी कमी पडलं. ताणली गेली, बोटाला चिकटली तर उलट. तडकणारी फिल्म अर्धा तास उघड्यावर ठेवली तर बऱ्याचदा सुधारते.

जाडी चार कोपरे आणि मध्य अशी पाच जागी मायक्रोमीटरने मोजा. साधारण ८० मायक्रॉन यावी. जाळीच्या कोपऱ्यातल्या चार फिल्म डिशच्या कडेजवळ येतात, म्हणून त्यांचं औषधप्रमाण यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) ३१० नॅनोमीटरला वेगळं काढा. तिथेच फरक दिसेल.

विरघळण्याचा वेळ ३७ अंशांच्या १० मिलि पाण्यात पाहा, अर्ध्या मिनिटात फिल्म फुटायला हवी. कापलेली फिल्म लगेच अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात बंद करा. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात टेबलावर तासभर राहिलेली फिल्म शेजारणीला चिकटते, आणि मग दोन्ही टाकून द्याव्या लागतात.