घरकामावर काम करताय? आधी तुमचा कप विसळा

कलाप्रकल्पाला घर, बाई आणि पुरुष असा विषय घेतला की नाशिकमधली कला शिकणारी निम्मी पोरं आधी रिकाम्या वाड्याची चौकशी करतात. 'वुमनहाउस'चे फोटो पाहिलेले असतात ना! 1972 मध्ये ज्यूडी शिकागो, मिरियम शॅपिरो या कलाकार आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी लॉस एंजेलिसमधलं एक पडीक घर स्वतः दुरुस्त करून त्यातल्या खोल्यांच्याच कलाकृती केल्या. कपाटात चादरींच्या थप्प्यांमध्ये अडकलेला बाईचा पुतळा तर डोक्यातून जात नाही. पण त्या घरात कुणी राहत नव्हतं. चालता संसार पंचवटीतल्या पडक्या वाड्यात सापडायचा नाही, तो सिडकोतल्या वन बीएचकेमध्ये आहे. वाड्यात फोटो छान येतात, एवढंच.

आता खरा खड्डा, ज्यात मीही पडले: चहा. तुम्ही घरकामावर कलाकृती करायला कुणाच्या घरी जाता आणि तिथल्या वहिनी चहाबरोबर तुमच्यासाठी पोहे टाकतात. 'नको, नको' म्हटलं तरी ऐकत नाहीत, कारण पाहुण्याला तसंच पाठवलं तर सासूबाई बोलणार. मग बशा घासा, ओटा पुसा, तुमच्या रंगाचे डाग काढा. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्या कामाची रोजची सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषांची 97. त्यात आणखी अर्ध्या तासाची भर घालून तुम्ही घरी येणार आणि कन्सेप्ट नोटमध्ये, म्हणजे कलाकृतीमागची कल्पना सांगणाऱ्या टिपणात, 'सहभाग' लिहिणार! डबा घरून न्या. कप स्वतः विसळा. नळाला पाणी यायच्या वेळी जाऊच नका. मानधन आधी ठरवा आणि वहिनींच्याच हातात द्या, 'दादांकडे' नको.

आधी सगळी थिअरी वाचा म्हणणारे गाइड मला पटत नाहीत. वाचन मागाहूनही होतं.

पण घाबरू नका, लोक दार उघडतात. एका घरी आम्ही ओट्याचा ठसा घ्यायला कडप्प्यावर न्यूजप्रिंटचा कागद अंथरून वर ग्रॅफाइट घासलं. सुरीच्या रेघा उमटल्या, नारळ फोडायच्या कोपऱ्यातला टवकाही. घासायला भाऊंना उभं केलं होतं. वाकून वाकून कंबर धरली तेव्हा तेच म्हणाले, "ओटा फारच खाली आहे हो." वहिनी म्हणाल्या, "बारा वर्षं सांगतेय." त्यांना विचारून ते वाक्य कागदाखाली तसंच लिहिलं.

वहिनींचं नाव छापायचं की नाही ते त्याच ठरवतील. छापलं तर तुमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. आणि प्रदर्शनाचं उद्घाटन संध्याकाळी सातला ठेवू नका, ती कुकर लावायची वेळ. दुपारी तीनला ठेवा.