ब्रेक्झिटवरून खासदारावर चिडलाय? मग नीट चिडा

यूकेतल्या आपल्या मराठी मंडळींचं एक बघितलंय, गणपतीत भेटलो की ब्रेक्झिटवर तासभर तावातावाने बोलणार, शेवटी "सगळे एकाच माळेचे मणी" म्हणून मोदकाकडे वळणार. खासदाराला कधी दोन ओळी लिहिल्यात का विचारलं की गप्प. तर हे त्यांच्यासाठी.

आधी मतदार यादीत नाव घाला. अजून कित्येकांना पत्ताच नाही की इथे व्हिसावर असलात तरी भारतीय पासपोर्टवर, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मत देता येतं. 23 जून 2016 च्या ब्रेक्झिट सार्वमतात मी असंच दिलं, रिमेनला, म्हणजे युरोपियन युनियनमध्येच राहायला, लपवायचं काय त्यात. आणि ऑफिसातली पोलिश मैत्रीण, जिचं सगळं त्या निकालावर अडकलेलं, तिला मत नव्हतं! मला अजून ते विचित्र वाटतं.

मग रेकॉर्ड काढा. दे वर्क फॉर यू नावाची साइट आहे, पोस्टकोड टाकला की खासदाराने कशाला हो म्हटलं कशाला नाही ते सगळं दिसतं. माझा खरा राग इथलाच आहे. 52-48 ने हरलो, ठीक आहे, लीव्हवाल्यांशी माझं भांडण नाही. पण 1 फेब्रुवारी 2017 ला आर्टिकल 50 च्या, म्हणजे बाहेर पडायची रीतसर नोटीस द्यायच्या बिलाला 498 खासदार हो म्हणाले, म्हणजे कुठे उतरायचं ते न ठरवता गाडीत बसले, मग जानेवारी 2019 मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे बाईंचा बाहेर पडायचा करार 432 विरुद्ध 202 ने पाडला, मार्चमध्ये पुढे काय करायचं याचे आठ पर्याय ठेवले ते आठही नापास, 1 एप्रिलला परत चार, तेही नापास, त्यात कस्टम्स युनियन, म्हणजे युरोपशी सीमाशुल्क एकच ठेवायचा पर्याय, तर फक्त 3 मतांनी गेलं. अहो 3! माझ्या तेव्हाच्या खासदाराने चारही पर्यायांना नाही म्हटलं होतं. मग हवं काय होतं तुम्हाला?

2024 ला निम्म्याहून जास्त खासदार नवे आलेत, त्यामुळे जुनं उकरण्याआधी तुमचा तोच आहे का बघा. नवा असेल तर सरळ विचारा, उद्या कस्टम्स युनियनवर मतदान झालं तर तुम्ही काय कराल.

ईमेलमध्ये पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड हवाच, दुसऱ्या मतदारसंघातल्याचं काम ते घेत नाहीत. एकच प्रश्न, तारखेसकट. "तुम्ही आम्हाला फसवलंत" लिहिलं की छापील उत्तर येतं, स्वानुभव. कुणाचा तयार मजकूर पेस्ट केलात तरी तेच.

संसदेच्या साइटवरच्या पिटीशनवर सही करा पण आस ठेवू नका. 10 हजारांना सरकार उत्तर देतं, 1 लाखाला चर्चेचा विचार होतो, आणि आर्टिकल 50 मागे घ्या म्हणून 60 लाखांवर सह्या झाल्या होत्या, चर्चा झाली, संपलं. रिकॉलचं विचाराल तर मत आवडलं नाही म्हणून खासदार परत बोलवता येत नाही, त्याला शिक्षा किंवा निलंबन असलं काहीतरी लागतं.

त्यापेक्षा सर्जरीला जा, म्हणजे खासदार आपल्या मतदारसंघातल्या लोकांना समोरासमोर भेटतो तिथे. (मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं बिचाऱ्याचं ऑपरेशन आहे.) बहुतेक शुक्रवारी नाहीतर शनिवारी असते, आधी अपॉइंटमेंट घ्या, वेळ थोडाच मिळतो. मतदानाचा प्रिंट समोर ठेवा आणि विचारून झालं की गप्प बसा. आपल्याला ते जमत नाही, मलाही दुसऱ्या खेपेला जमलं.