चौघांच्या घराचे महिन्याचे वाणसामान कसे भरावे

महिन्याच्या किराण्याची यादी बहुतेक घरांत आठवणीने केली जाते. मागच्या महिन्यात जे आणले तेच पुन्हा लिहायचे, घरातल्या प्रत्येकाने एकेक वस्तू सुचवायची आणि दुकानात गेल्यावर समोर दिसेल त्याची भर घालायची, अशी ती तयार होते. त्यामुळे वीस तारखेलाच गोडेतेल संपते आणि फडताळात साबुदाण्याचे तीन पुडे निघतात. घरात रोज नेमके किती शिजते हे एकदा मोजून घेतल्याशिवाय किराण्याचा कोणताही हिशेब टिकत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि त्या मोजणीला स्वयंपाकघरातल्या वाटीखेरीज फारसे काही लागत नाही.

ज्या वाटीने रोज तांदूळ काढले जातात, तिच्यात किती वजन बसते ते आधी पाहावे. घरी वजनकाटा नसेल तर १ किलोच्या पाकिटातून किती वाट्या निघतात ते मोजावे. सात निघाल्या, तर एका वाटीत साधारण १४० ग्रॅम तांदूळ बसतात. दोन्ही वेळचा मिळून दोन वाट्यांचा भात लागत असेल, तर महिन्याला सुमारे साडेआठ किलो तांदूळ पुरतात. डाळ रोज ११० ग्रॅम शिजत असेल, तर सव्वातीन किलो लागते; ती सगळी तुरीचीच न घेता त्यात मूग, मसूर आणि चणाडाळ विभागून घेतल्यास खर्चही आटोक्यात राहतो आणि जेवणात पालटही होतो. एक किलो कणकेच्या आमच्या घरी पस्तीसएक पोळ्या होतात. रोज अठरा पोळ्या धरल्या, तर महिन्याला साडेपंधरा किलो गहू लागतात. तुमच्या घरचे आकडे याहून वेगळे येतील आणि ते तसेच यायला हवेत, कारण डबा खाणारे किती, रात्री भाकरी होते की पोळी, यावर सगळे अवलंबून असते.

तेल, साखर, चहा आणि कपडे धुण्याची पावडर वाटीने मोजता येत नाही. अशा वस्तूंच्या डब्याला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर डबा उघडल्याची तारीख लिहावी. दोन महिन्यांत खरा खप कळतो. मिठाचा हिशेब तर आरोग्याच्या अंगानेही पाहण्यासारखा आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे चौघांना महिन्याला जास्तीत जास्त ६०० ग्रॅम. लोणची-पापडांचे दिवस नसताना १ किलोचा पुडा महिना संपण्याआधी रिकामा होत असेल, तर स्वयंपाकातच मीठ जास्त पडते आहे असे समजावे.

खप कळला की पैशांकडे वळावे. यादीचे तीन भाग करावेत. पहिल्यात धान्य, डाळी, तेल, मीठ, साखर, गूळ, चहा आणि मसाले. दुसऱ्यात साबण, भांडी घासण्याची पावडर, फिनेल यांसारख्या वस्तू. तिसऱ्यात बिस्किटे, फरसाण, शेवया, सरबते. बिल घरी आणल्यावर या तिन्हींची बेरीज वेगवेगळी करून वहीत लिहावी. महागाई म्हटली की आपण तूरडाळीच्या भावाकडे पाहतो. पण अनेक घरांत दुसरा आणि तिसरा भाग मिळून पहिल्याच्या बरोबरीला आलेला असतो, आणि वेगळी बेरीज मांडेपर्यंत ते लक्षातच येत नाही. काटछाट करायची ती तिसऱ्या भागापासून करावी, मुलांच्या वाटणीची डाळ किंवा शेंगदाणे कमी करून कधीही करू नये.

शिधापत्रिकेवर धान्य मिळत असेल, तर ते आधी धरून उरलेलेच यादीत लिहावे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य दरमहा देय आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत करण्यात आले. चौघांच्या प्राधान्य कुटुंबाचे हे २० किलो धान्य म्हणजे वरच्या हिशेबातल्या गहू-तांदळाचा मोठा वाटा आहे. ते उचलण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तो हक्क आहे.

दुकानात सर्वांत जास्त फसगत तेलात होते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. खाद्यतेल पाण्याहून हलके असल्याने १ लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात साधारण साडेतेरा किलोच तेल असते, तर १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर. दोन्ही डबे शेजारी ठेवले, तर पाहणाऱ्याला फरक कळत नाही. दर विचारताना मात्र हा डबा लिटरचा की किलोचा, हे विचारलेच पाहिजे. पिशव्यांचेही तसेच आहे. ९१० ग्रॅमच्या पिशवीशेजारी तेवढीच दिसणारी ८०० किंवा ८५० ग्रॅमची पिशवी ठेवलेली असते. समजा, ९१० ग्रॅम १५० रुपयांना आणि ८०० ग्रॅम १३८ रुपयांना आहे. दुसरी पिशवी १२ रुपयांनी स्वस्त दिसते, पण किलोमागे पहिली १६५ रुपयांना पडते आणि दुसरी साडे१७२ रुपयांना. पाकिटांवर आता कमाल किमतीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दरही छापलेला असतो. अक्षर बारीक असते, पण तुलना त्याच आकड्याची करावी. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते, हा समजही त्याच आकड्यावर तपासून पाहावा.

सुटे धान्य घ्यावे की पाकीटबंद, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नव्हता. बाजारात तांदळाची २६ किलोची पोती दिसू लागली, ती याच नियमामुळे. ओळखीचा वाणी असेल आणि माल ओंजळीत घेऊन पाहता येत असेल, तर धान्य-डाळी सुट्या घ्याव्यात. तिखट, हळद आणि धणेपूड मात्र सुटी घेऊ नये. अख्खी मिरची, हळकुंडे आणि धणे आणून दळून घ्यावेत किंवा सीलबंद पाकीट घ्यावे.

काही वस्तू महिन्याच्या यादीत नसलेल्याच बऱ्या. गहू मार्च-एप्रिलमध्ये नवा येतो, तूर आणि हरभरा त्याच्या थोडे आधी, हळद आणि मिरचीही उन्हाळ्यातच. त्या वेळी वर्षाचा नव्हे, तरी चार-सहा महिन्यांचा साठा करता आला, तर पावसाळ्यातल्या चढ्या भावांतून सुटका होते. कांद्याच्या बाबतीत उन्हाळी कांदाच साठवावा. लाल खरीप कांदा टिकत नाही. पण साठा करण्यापूर्वी तो राखण्याची तयारी आहे ना, हे पाहावे. एका वर्षी मी सवलत पाहून दहा किलो तूरडाळ घेतली, ऊन न देता डब्यात भरली आणि ऑगस्टमध्ये तिला कीड लागली. निम्मी डाळ निवडण्यात गेली आणि सवलतीचे पैसेही वाया गेले. तेव्हापासून साठवणीचे गहू आणि डाळी मे महिन्यात दोन-तीन दिवस कडक ऊन देऊन, पूर्ण गार झाल्यावर, थोडे एरंडेल चोळून कोरड्या डब्यांत भरतो. तांदळाला ऊन देऊ नये, दाणा तडकून भाताची कणी होते. त्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा.

रवा, शेंगदाणे आणि सुके खोबरे यांचा साठा कधीच करू नये. रव्यात जाळी धरते, दाणे आणि खोबरे खवट होते. पावसाळ्यात रवा आणल्या दिवशीच भाजून ठेवावा. दळणही एका वेळी पंधरा दिवसांचेच काढावे, पावसाळ्यात आठ दिवसांचे.

सणांचा खर्च मासिक किराण्यात मिसळला की सगळी मांडणी कोलमडते. श्रावणातले उपवास, गणपती आणि दिवाळीचा फराळ यांना गेल्या वर्षी किती लागले ते बिलांवरून काढावे, त्याचा बारावा हिस्सा दरमहा वेगळ्या पाकिटात टाकावा आणि त्या महिन्यांतले जास्तीचे तूप, बेसन, साखर, साबुदाणा, भगर यांचे पैसे त्यातूनच द्यावेत.

खरेदीचा दिवस निवडताना पगाराच्या लगतचा शनिवार-रविवार टाळता आला तर बरे, कारण त्या गर्दीत वाण्याला माल दाखवायला सवड नसते आणि आपल्याला निवडायला. यादी मात्र महिन्याच्या २८ तारखेलाच करावी. एकेक डबा उघडून उरलेले पाहावे आणि मोजलेल्या खपातून वजा करून जे राहील तेवढेच लिहावे. दोन किलो साखर लागत असून डब्यात पाऊण किलो असेल, तर यादीत सव्वा किलोच लिहावी.