हिमालयातील ट्रेकचे नियोजन: आधी मुक्कामांची उंची ठरवा

नाशिकच्या गिर्यारोहकाला डोंगर नवा नसतो. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (1646 मीटर) आणि सर्वांत उंच किल्ला साल्हेर (1567 मीटर) हे दोन्ही आपल्या हाताशी आहेत, आणि हरिहरच्या उभ्या पायऱ्या चढून गेलेल्या माणसाला हिमालयातील सोप्या वाटा फारशा अवघड वाटत नाहीत. नेमका इथेच अंदाज चुकतो. सह्याद्रीत पाय आणि दम तयार होतात, पण विरळ हवेची सवय मात्र होत नाही, कारण ती सवय साधारण 2500 मीटरच्या पुढे काही रात्री काढल्यावरच लागते. म्हणून अनेक दिवसांच्या ट्रेकचे नियोजन सामानाच्या यादीपासून न करता, कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे या प्रश्नापासून करावे.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीवरही 21 टक्केच राहते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू घटतो. साडेपाच हजार मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण सावकाश. म्हणून 3000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा नियम पाळला जातो. दिवसा याहून उंच जाऊन पुन्हा खाली झोपायला येण्यास हरकत नसते. किंबहुना त्याचा फायदाच होतो.

हिमाचल प्रदेशातील हामटा खिंडीचे उदाहरण घेऊ. मनाली सुमारे 2050 मीटरवर आहे, पहिला तळ चिका सुमारे 3100 मीटरवर, त्यापुढचा बालू का घेरा सुमारे 3600 मीटरवर. त्यानंतर 4270 मीटर उंचीची खिंड ओलांडून पलीकडे शिया गोरू येथे सुमारे 3900 मीटरवर उतरायचे असते. हे आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले, की खरी अडचण खिंडीत नसून पहिल्याच दिवशी आहे हे लगेच दिसते, कारण मनाली ते चिका ही झेप हजार मीटरची आहे. नाशिक रोडहून रेल्वेने दिल्ली, तिथून रात्रभर बस आणि सकाळी मनालीत उतरून त्याच दिवशी चिका, असे वेळापत्रक रजा वाचवते खरे, पण झोप न झालेल्या शरीरावर ही झेप लादते. मनालीत दोन रात्री काढाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. लेहला विमानाने जाणाऱ्यांनी तर अधिक सावध असावे, कारण ते शहरच सुमारे 3500 मीटरवर आहे आणि पहिले दोन दिवस विश्रांतीखेरीज तिथे काहीही करू नये.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे ही विरळ हवेमुळे होणाऱ्या त्रासाची पहिली लक्षणे होत. ती असताना आणखी वर चढू नये आणि वाढत असल्यास खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे, बोलण्यात गोंधळ किंवा चालताना तोल जाणे दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला सोबत देऊन खाली न्यावे. डायमॉक्स या नावाने मिळणारे ॲसिटाझोलामाइड सवय लवकर होण्यास मदत करते, परंतु ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास. आपल्या जिल्ह्याला वाईनचे कितीही कौतुक असले, तरी सुरुवातीच्या रात्री मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

तयारीला किमान दोन-अडीच महिने द्यावेत. आठवड्यातून तीन-चार दिवस चालणे किंवा धावणे, एखाद्या सकाळी भरलेली सॅक घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या, आणि रविवारी अंजनेरी किंवा बारी गावातून कळसूबाई, एवढे पुरेसे आहे. मात्र सलग दोन दिवस चालण्याचा सराव एकदा तरी व्हावा. त्यासाठी साल्हेर-सालोटा उत्तम. नवे बूट याच काळात पायाला बसवून घ्यावेत.

कपड्यांत सुती टाळावे, कारण ओले सुती कापड लवकर वाळत नाही आणि अंग गार पाडते. एका जाड स्वेटरऐवजी पातळ थर, वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट, बर्फावरील उजेडासाठी अतिनील किरण रोखणारा गॉगल आणि हेडटॉर्च घ्यावा. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून त्या रात्री झोपण्याच्या पिशवीत ठेवाव्यात. उंचीवर भूक मरते, तेव्हा आवडीचे खाणेच पोटात जाते; शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू आणि आपल्याकडचे मनुके यांना सॅकच्या वरच्या खणात जागा द्यावी.

रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, त्यामुळे तारखा त्यापूर्वीच पक्क्या कराव्यात. परतीचे तिकीट ट्रेक संपण्याच्या दिवसाचे काढू नये; पाऊस किंवा दरड यांसाठी एक मोकळा दिवस राखावा. निघण्यापूर्वी मुक्कामांचा तोच उंचीचा कागद घरी द्यावा, त्यावर आयोजकांचा दूरध्वनी आणि आपण संपर्कात येण्याची अपेक्षित तारीख लिहावी, आणि कोणी आजारी पडल्यास त्याच्यासोबत कोण खाली उतरेल हे गटात नाशिकमध्येच ठरवावे, कारण खिंडीच्या तोंडाशी पोचल्यावर मागे फिरायला कोणीच तयार नसते.