चार्जशीट दाखल झाल्यानंतर: पुण्याच्या फौजदारी कोर्टात काय घडतं

पोलिसांनी चार्जशीट कोर्टात पाठवली आणि घरी समन्स आलं, की आरोपीचं मुख्य काम एकच उरतं: प्रत्येक तारखेला हजर राहणं. बाकीचं बहुतेक वकील करतो. पुढचं सगळं मॅजिस्ट्रेटपुढे चालणाऱ्या खटल्यांबद्दल आहे: मारहाण, धमकी, बहुतेक फसवणुकी, अपघात, सासरचा छळ. खून, बलात्कार यांसारखे खटले मॅजिस्ट्रेट सत्र न्यायालयाकडे वर्ग करतो आणि त्यांची चाल वेगळी असते.

आधी समन्स नीट वाचा. त्यावर केस नंबर, पोलीस ठाणं आणि कोर्ट लिहिलेलं असतं. ‘आरसीसी’ म्हणजे नियमित फौजदारी खटला, ‘एससीसी’ म्हणजे संक्षिप्त, थोडक्यात चालणारा खटला. शिवाजीनगरच्या आवारात बऱ्याच इमारती आणि त्यात ढीगभर कोर्टरूम आहेत. पिंपरी, खडकी आणि लष्कर (कॅम्प भाग) इथली कोर्टं मात्र वेगळ्या ठिकाणी आहेत. सवयीने शिवाजीनगरला जाऊन उभं राहायचं आणि पुकारा, म्हणजे नावाची हाक, भलतीकडेच होऊन जायचा, असं होऊ देऊ नका. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला, की कोर्ट, टप्पा आणि पुढची तारीख दिसते. पुणे जिल्ह्याचा क्रमांक ‘एमएचपीयू’ने सुरू होतो. ॲपवरची नोंद कधी उशिरा बदलते, म्हणून त्या दिवसाचं बोर्ड, म्हणजे कोर्टापुढच्या खटल्यांची यादीही बघा. गाडी लावायला जागा मिळणं अवघड. दोन्ही मेट्रो मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकात एकत्र येतात, तिथेच उतरावं.

पहिल्या तारखेला अकराच्या आधी पोहोचा. वकील वकीलपत्र दाखल करतो आणि जामिनाचा प्रश्न येतो. तपासात अटक झालेली नसेल आणि तुम्ही सहकार्य केलेलं असेल, तर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत कोठडीत न घेताच जामिनावर निर्णय द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निकालात सांगितलं आहे. पोलीस ठाण्यात जामीन झाला असेल तरी कोर्ट नवा जामीन मागू शकतं. त्यामुळे जामीनदार सोबतच न्या.

जामीनदाराची कागदपत्रं हा घोळ होण्याचा नेहमीचा मुद्दा. आधार, पॅन, फोटो, रेशनकार्ड, राहण्याचा पुरावा आणि ऐपत दाखवणारं काहीतरी लागतं: सातबारा, मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती किंवा पगाराच्या पावत्या. काही कोर्टं तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात आणि तो एका दिवसात मिळत नाही. मूळ कागद दाखवायला आणि झेरॉक्सचे दोन संच द्यायला ठेवा. आधी किती जणांना जामीन राहिलो, हे जामीनदाराला प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. आवारात पैसे घेऊन जामीनदार मिळवून देतो म्हणणारे भेटतील. त्यांचे कागद बनावट निघाले, तर जामीन तर जातोच, वर नवा गुन्हा मागे लागतो. जामीनदार मिळत नसेल तर वकिलामार्फत काही आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन मागता येतो.

वकील परवडत नसेल तर शिवाजीनगरच्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. मदतीचा देशभराचा क्रमांक १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग आणि कोठडीत असलेल्या कुणालाही उत्पन्न न बघता वकील मिळतो.

चार्जशीटच्या नकला फुकट मिळतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांत त्या द्यायच्या असतात. सही करण्याआधी पानं मोजा. पंचनाम्याचं पान पुसट, साक्षीदाराचा जबाब अर्धा, सीसीटीव्हीचा पेनड्राइव्ह गायब असं सर्रास होतं. त्याच वेळी लेखी अर्ज द्या, कारण ‘सर्व नकला मिळाल्या’ अशी सही झाल्यावर हे मांडणं जड जातं.

दोषमुक्तीचा अर्ज करायचा असेल, म्हणजे कागद जसेच्या तसे खरे धरले तरी गुन्हा होत नाही असं म्हणायचं असेल, तर नकला मिळाल्यापासून साठ दिवसांत करावा. तो नाही केला किंवा फेटाळला गेला, की दोषारोप, म्हणजे कोणत्या गुन्ह्याचा खटला चालणार तो आरोप, ठेवला जातो. न्यायाधीश तो समजावून सांगतात आणि विचारतात: ‘गुन्हा कबूल आहे का?’ ‘दंड भरून मोकळे व्हा’ असा सल्ला बाहेर कट्ट्यावर हमखास मिळतो. कबुली म्हणजे दोषसिद्धी. नोकरीच्या पोलीस पडताळणीत ती पुढे येते. हा निर्णय वकिलाशी आदल्या दिवशी बोलून घ्या, पिंजऱ्यात उभं राहून नव्हे. तडजोडयोग्य गुन्हा (कायद्याने आपसात मिटवता येणारा) असेल तर फिर्यादीशी समझोता हा वेगळा आणि बऱ्याचदा चांगला रस्ता आहे, पण बोलणी वकिलामार्फतच. जामिनाच्या अटीत ‘साक्षीदारांशी संपर्क नको’ असं असेल, तर थेट केलेला एक फोनही महागात पडतो.

मग पुरावा सुरू होतो: फिर्यादी, पंच, डॉक्टर, शेवटी तपास अधिकारी. इथेच खटला रेंगाळतो. साक्षीदाराला समन्स बजावलेलं नसतं, पोलीस अंमलदार पालखीच्या किंवा गणपतीच्या बंदोबस्तात असतो, मे महिन्याच्या सुटीच्या आसपास न्यायाधीशांच्या बदल्या होतात. तुम्ही कितीही तयारीत असलात तरी काही तारखा नुसत्या ‘पुढची तारीख’ घेऊनच संपतील. तरीही पुकारा होताना दाराजवळ हवंच. चहाच्या टपरीवर असताना नाव घेतलं गेलं, तर रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, गैरहजर लागतं.

खरोखर येता येत नसेल तर त्या दिवशी सकाळीच वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज, कारण आणि पुराव्यासह. दोषारोप, आरोपीचा जबाब आणि निकाल या दिवशी तो बहुधा चालत नाही. अर्जाशिवाय गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं, जामीनदाराला नोटीस जाते आणि जामिनावर असताना कारणाशिवाय न येणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. वॉरंट निघाल्याचं कळलं की पोलीस दारात येण्याची वाट न बघता स्वतः वकिलासह कोर्टात जा आणि ते रद्द करण्याचा अर्ज द्या. भाड्याचं घर बदललं तर नवा पत्ता कोर्टाला लेखी कळवा. बरीच वॉरंटं केवळ जुन्या पत्त्यामुळे निघतात.

खटला चालू असताना पासपोर्ट काढायचा किंवा नूतनीकरण करायचं असेल, तर त्याच कोर्टाची परवानगी लागते. अर्जात किती वर्षांसाठी हवा ते लिहा. आदेशात मुदत नसेल तर साधारणपणे एकाच वर्षाचा मिळतो.

सरकारी पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. शपथ नसते, उत्तर न देण्याबद्दल शिक्षा नसते, लेखी निवेदनही देता येतं. पुढे युक्तिवाद, मग निकाल. खटला संपण्याआधी, वरच्या कोर्टात हजर राहण्याचा सहा महिन्यांचा बाँडही (लेखी हमी) घेतला जातो. तो दोष ठरल्याची खूण नव्हे.

निकालाच्या दिवशी जामीनदार, त्याचे कागद आणि दंडापुरते पैसे जवळ ठेवा. तुम्ही जामिनावर असाल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल, तर अपील करण्यापुरता जामीन तेच कोर्ट देतं, मात्र अर्ज त्याच दिवशी हवा. निकालपत्राची प्रत फुकट आणि लगेच मिळायला हवी. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवस. प्रमाणित प्रत तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज करायला तुम्ही घालवलेले होत नाहीत.